फिटनेस बँडची बॅटरी खरंच किती दिवस टिकते, हे घरच्या घरी कसं मोजायचं

कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जायची आमच्याकडे पद्धत आहे, रूपाभवानीचं दर्शन घ्यायचं, रात्री निघायचं आणि साधारण ४५ किलोमीटर चालून सकाळी आईच्या दारात. दोन वर्षांपूर्वी मी आणि मेव्हणा निघालो. माझ्या हातात नवाकोरा बँड, खोक्यावर मोठ्या अक्षरात १४ दिवस लिहिलेलं, आणि त्याच्या हातात मागच्या दिवाळीला कारखान्यातून भेट मिळालेला कुठलातरी स्वस्तातला. निघताना माझा ७० टक्के होता, त्याचा पन्नासच्या आसपास. तामलवाडीच्या अलीकडेच माझा बँड दोनदा थरथरला आणि विझला. त्याचा सकाळी दर्शनाच्या रांगेत पण चालूच होता. "दाजी, चौदा दिवस लवकर संपले हो," एवढंच म्हणाला तो, पण ते वाक्य अजून प्रत्येक लग्नात ऐकतोय मी.

घरी येऊन डोकं शांत झाल्यावर कळलं की चूक बँडची कमी आणि माझी जास्त होती. मी निघताना झोकात वर्कआउट चालू केलं होतं म्हंजे आतला जीपीएस सुरू, त्यात स्क्रीन कायम चालू ठेवलेली, लोकांना दिसायला पाहिजे ना. मेव्हण्याच्या बँडमध्ये जीपीएस नावाची वस्तूच नव्हती, तो बिचारा नुसती पावलं मोजत होता. म्हणजे आम्ही दोघं तुलना करत होतो ती ट्रकच्या डिझेलची आणि सायकलच्या डिझेलची. तेव्हापासून घरात जो बँड येतो त्याची मी एक वही ठेवतो, आणि आता नातेवाईक, मित्र कुणी पण बँड घ्यायच्या आधी मलाच विचारतात, "ह्याची बॅटरी किती जाते रे?" प्रत्येकाला फोनवर सांगून दमलो म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी खोक्यावरचे दिवस कुठून येतात ते बघू

कंपन्या सरळ खोटं बोलतात असं नाही, त्या स्वतःच्या सोयीचा एक माणूस धरतात आणि त्या माणसाच्या हातात बँड किती टिकतो ते छापतात. ॲपलचं उदाहरण घ्या, त्यांनी वॉच सिरीज ९ ला १८ तास लिहिलेत आणि खाली बारीक अक्षरात हिशेब पण दिलाय, ३०० वेळा वेळ बघणं, ९० नोटिफिकेशन, १५ मिनिटं ॲप वापरणं आणि गाणी ऐकत ६० मिनिटांचा व्यायाम. आता तुमच्या घरच्या चार ग्रुपवर सकाळी आठच्या आत किती गुड मॉर्निंग येतात ते मोजा, ९० तिथंच संपतात. पण निदान त्यांनी लिहिलंय तरी. बऱ्याच स्वस्त बँडच्या खोक्यावर नुसता आकडा असतो, तो कुठल्या माणसाचा ते देव जाणे.

बॅटरीचा आकार, म्हंजे तिच्यात किती चार्ज मावतो ते, एमएएच (मिलीअँपिअर-अवर) मध्ये असतो. त्याला कंपनीनं सांगितलेल्या दिवसांनी भागलं की त्यांनी दिवसाला किती खर्च धरलाय ते कळतं. मला हा हिशेब फार आवडतो, कारण त्यात जाहिरातीचा सगळा मेकअप उतरतो. शाओमीचा २०१४ चा पहिला एमआय बँड घ्या, ४१ एमएएच आणि ३० दिवस, म्हंजे दिवसाला दीड एमएएचच्याही आत. कसं शक्य झालं? कारण त्याला स्क्रीनच नव्हती, तीन बारके दिवे होते, हार्ट रेट पण नव्हता. पुढं एमआय बँड ४ आला, रंगीत स्क्रीन, १३५ एमएएच, २० दिवस, म्हंजे रोजचे पावणेसात. बँड ७ ला १८० एमएएच आणि १४ दिवस, रोजचे जवळपास १३. बँड ९ ला २३३ एमएएच आणि २१ दिवस, रोजचे साधारण ११. पहिल्या बँडपेक्षा बॅटरी साडेपाच पट मोठी झाली आणि दिवस उलट कमी झाले, मधलं सगळं स्क्रीन आणि सेन्सरनी खाल्लं.

आता त्याच बँड ९ ला कंपनी स्वतःच सांगते की ऑलवेज ऑन डिस्प्ले, म्हंजे स्क्रीन कायम चालू, लावला तर ९ दिवस. २३३ भागिले ९, रोजचे २६ च्या आसपास. वस्तू तीच, बॅटरी तीच, एक बटण दाबलं की खर्च दुपटीच्या वर. सॅमसंगचा गॅलेक्सी फिट ३ आहे, २०८ एमएएच, १३ दिवस, रोजचे १६. म्हणून सॅमसंग उधळ्या आणि शाओमी काटकसरी असं म्हणायचं का? नाही म्हणता येत, कारण दोघांनी धरलेला माणूस वेगळा. २१ आणि १३ हे आकडे शेजारी ठेवून दुकानात निर्णय घेणं म्हणजे आमच्या शेंगाचटणीची आणि पुण्याच्या बाकरवडीची तिखटात तुलना. दोन्ही तिखटच, पण मोजायचं कशानं?

बॅटरी नक्की कोण खातं

हे एकदा नीट समजलं की पुढच्या पायऱ्या आपोआप सुचतात, म्हणून इथं जरा थांबू.

पावलं मोजणं जवळपास फुकट आहे. त्याचा सेन्सर इतका कमी खातो की तो बंद करायची सोय बहुतेक बँडमध्ये देतच नाहीत. खरा खादाड स्क्रीन आहे. बहुतेक नवीन बँडला अमोलेड असतो, त्यात काळा रंग म्हणजे तेवढे ठिपके बंदच, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर बारीक आकडे असलेलं वॉचफेस (वेळ दिसते तो मुख्य पडदा) आणि नातवाचा पूर्ण स्क्रीनभर फोटो लावलेलं वॉचफेस यात फरक पडतो. सेकंद काटा फिरणारं असेल तर अजून जास्त. काही घड्याळांना वेगळ्या जातीची स्क्रीन असते, ती उन्हाच्याच उजेडात दिसते, मागचा दिवा लागत नाही. जुना अमेझफिट बिप असाच होता, १९० एमएएचवर कंपनी ३० दिवस म्हणायची, रोजचे सव्वासहा. रंग फिक्के दिसायचे, लोक हसायचे, पण आमच्या उन्हात ती स्क्रीन जेवढी स्पष्ट दिसायची तेवढी भारी अमोलेडवाल्याला हाताची सावली करून पण दिसत नाही. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळात अजून तशी स्क्रीन मिळते.

मग हार्ट रेट. मनगटाखाली हिरवा दिवा चमकतो बघा, तो कातडीत उजेड सोडतो आणि परत किती येतो त्यावरून ठोके मोजतो. दर ३० मिनिटांनी मोजायचं, दर मिनिटाला मोजायचं की सतत, हे सेटिंग प्रत्येक बँडमध्ये वेगळ्या नावानं असतं आणि दोन बँडच्या बॅटरीत जो फरक दिसतो त्यातला मोठा भाग इथंच निघतो. पट्टा सैल असेल तर सेन्सरला नीट दिसत नाही, मग बरेच बँड दिवा जास्त जोरात लावतात. एसपीओटू म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, त्याला लाल आणि न दिसणारा इन्फ्रारेड उजेड लागतो, रात्रभर चालू ठेवलं तर सकाळी टक्के उतरलेले दिसतात. स्ट्रेस मोजणं पण त्याच ठोक्यांवरून चालतं, म्हणून ते चालू असलं की सेन्सर जास्त वेळा जागा होतो.

जीपीएस सगळ्यात वरचा. गार्मिन फोररनर ५५ कंपनीच्या हिशेबानं घड्याळ म्हणून २ आठवडे, पण जीपीएस चालू ठेवलं तर २० तास. फिटबिट चार्ज ४ ला ७ दिवस आणि जीपीएसवर ५ तास. हे ५ तास मला तामलवाडीच्या आधी माहीत असते तर बरं झालं असतं. एक गंमत मात्र लक्षात ठेवा, पुष्कळ बँडमध्ये स्वतःचा जीपीएस नसतोच, ते फोनचा वापरतात, त्याला कनेक्टेड जीपीएस म्हणतात. अशा बँडची बॅटरी फार टिकते असं वाटतं, पण ते मित्राच्या पैशानं चहा पिण्यासारखं आहे, बिल फोन भरतो. तुलना करताना फोनचे टक्के पण लिहायला विसरू नका.

नोटिफिकेशन स्वतः फार खात नाही, पण प्रत्येकाबरोबर मोटर थरथरते आणि स्क्रीन लागते, ते खातं. आणि ब्लूटूथवरून बोलायची सोय असलेली मोठी चौकोनी वॉच, त्यात स्पीकर आणि माईक दोन्ही, रोज अर्धा तास त्यावर बोलाल तर खोक्यावरचे दिवस विसरा.

पायरी १ : पहिला आठवडा मोजूच नका

नवीन बँड आला की आपण त्याला सारखं चिवडतो, वॉचफेस बदलतो, घरातल्या प्रत्येकाचा ऑक्सिजन मोजतो, शेजाऱ्यांना दाखवतो. अपडेट पण तेव्हाच येतात, आणि अपडेट डाउनलोड होऊन बँडमध्ये जाताना टक्के भराभर उतरतात. म्हणून आधी ॲपमध्ये जाऊन सगळे अपडेट करून घ्या, एकदा पूर्ण चार्ज करून वापरा आणि दुसऱ्या चार्जिंगपासून वही सुरू करा. आमच्या मित्रानं पहिल्या तीन दिवसांवरच बँड भंगार म्हणून परत पाठवला, आणि तिसऱ्याच महिन्यात तोच बँड पुन्हा मागवला.

पायरी २ : दोन्ही बँड एकाच माणसाला, एकाच आठवड्यात

मी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत फिरताना एक बँड वापरला आणि दुसरा मे महिन्यात, असं करून चालत नाही. सोलापूरचा मे म्हणजे पारा ४२ च्या वर, बाहेर पडलं की ऑटो ब्राइटनेस सरळ शेवटच्या टोकाला जातो आणि स्क्रीन तेवढी जास्त खाते. गड्ड्यात गर्दी, रात्रीची वेळ, वेगळाच हिशेब. म्हणून दोन्ही बँड एकाच वेळी घाला, एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. लोक बघतात, बघू द्या. मला भाजी मंडईत एका मावशींनी विचारलं, "बाळा, बीपीचं आहे का?"

अर्धा काळ झाला की हात बदला. हे विसरू नका, कारण उजवा हात जास्त हलतो, जेवताना, लिहिताना, गाडीचा ॲक्सिलरेटर पिळताना, आणि मनगट फिरलं की स्क्रीन लागते हे सेटिंग चालू असेल तर उजव्या हातातला बँड उगाच बदनाम होतो. आमच्या ओळखीतला एक जण पूर्व भागात यंत्रमागावर काम करतो, त्याचा बँड दिवसभर धागे जोडतानाच इतक्या वेळा पेटायचा की बॅटरी नेहमीपेक्षा निम्म्याच दिवसांत संपायची, आणि वर पावलं पण भरमसाट दाखवायचा. त्यानं मनगट फिरवण्याचं सेटिंग बंद केलं, बाकी काही नाही, आणि त्याचा प्रश्न मिटला.

दोन माणसांना दोन बँड देऊन तुलना केली तर ती माणसांची तुलना होते. एकाच कंपनीचे दोन असतील तर एका ॲपमध्ये एका वेळी बहुधा एकच नीट जोडलेला राहतो, तेव्हा घरातला दुसरा फोन वापरा, पण त्या फोनवर पण तेवढेच मेसेज यायला हवेत, नाहीतर तो बँड आरामात झोपून राहील.

पायरी ३ : सेटिंगचा कागद

एक कागद घ्या आणि दोन्ही बँडचं एकेक सेटिंग शेजारी शेजारी लिहा. हार्ट रेट किती मिनिटांनी, झोपेत जास्त बारीक मोजणं चालू का बंद, ऑक्सिजन, स्ट्रेस, ब्राइटनेस किती, स्क्रीन किती सेकंदांनी विझते, मनगट फिरवल्यावर लागते का, ऑलवेज ऑन, कुठल्या ॲपचे नोटिफिकेशन, थरथर किती जोरात. आता दोन्हीकडे जितकं जमेल तितकं सारखं करा.

सगळं सारखं होणार नाही, हे आधीच सांगतो. एका बँडमध्ये हार्ट रेट दर मिनिटाला लावता येतो, दुसऱ्यात फक्त स्मार्ट असं लिहिलेलं असतं, म्हंजे तो त्याच्या मनानं ठरवतो. ब्राइटनेस एकात पाच पायऱ्या, दुसऱ्यात तीन. तिथं अंधाऱ्या खोलीत दोन्ही शेजारी ठेवून डोळ्याला सारखे दिसतील असे लावा, त्यापेक्षा जास्त बारीक जायची गरज नाही. जे सारखं करता येत नाही ते कागदावर लाल पेननं लिहून ठेवा. शेवटी निकाल बघताना त्या लाल ओळीच कामाला येतात.

पायरी ४ : रोज एकाच वेळी टक्के

रात्री साडेनऊ, जेवण झालं की, मी वही उघडतो. तारीख, दोन्ही बँडचे टक्के आणि त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल तर एक ओळ, जसं की हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, किंवा सकाळी कंबर तलावावर पाऊण तास वर्कआउट. बस. सकाळी एकदा, रात्री एकदा लिहिलं तर अजून चांगलं, कारण रात्रीत किती उतरले आणि दिवसात किती ते वेगळं कळतं. रात्री जास्त उतरत असतील तर ऑक्सिजन किंवा झोपेचं बारीक मोजमाप पकडायचं, दिवसा जास्त उतरत असतील तर स्क्रीन आणि मेसेज.

टक्क्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका मात्र. बँडला आत खरोखर किती चार्ज उरलाय ते दिसत नाही, तो व्होल्टेज आणि इतर गोष्टींवरून अंदाज करतो. काही बँड १०० वर दीड दिवस बसून राहतात आणि मालकाला वाटतं वा काय बॅटरी आहे, मग शेवटचे २० टक्के एका संध्याकाळी गायब. म्हणून मी ९५ च्या खाली आल्यावर मोजायला लागतो आणि २० ला थांबतो. काही स्वस्त बँडमध्ये टक्के नसतातच, बॅटरीच्या चार कांड्या असतात, तिथं सरळ पूर्ण चार्ज ते बंद पडेपर्यंतचे तास मोजायचे, दुसरा उपाय नाही.

पायरी ५ : भागाकार

समजा सोमवारी रात्री ९४ होते आणि पुढच्या सोमवारी रात्री ३१. ७ दिवसांत ६३ टक्के, म्हंजे रोजचे ९. आता १०० भागिले ९ करून ११ दिवस म्हणू नका, कारण कुणी शून्यावर जाईपर्यंत थांबत नाही. मी ८० ला भागतो, पूर्ण चार्जपासून २० उरेपर्यंत, ८० भागिले ९, जवळपास ९ दिवस. हा तुमचा खरा आकडा. मेव्हण्याला मी हेच सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे दाजी, खोक्यावरच्या आकड्यातून जीएसटी कापायचा."

पाहिजे तर टक्क्यांवरून एमएएच पण काढा. २३३ चे ९ टक्के, साधारण २१. हे का करायचं, तर एका बँडला मोठी बॅटरी आणि दुसऱ्याला छोटी असेल तेव्हा कोण काटकसरीनं चालतो ते यावरून कळतं. पण रोज वापरणाऱ्याला दिवसच महत्त्वाचे, त्यामुळे कंटाळा आला तर सोडून द्या.

पायरी ६ : एका वेळी एकच गोष्ट बदला

मोजणीचा पहिला आठवडा झाला की मजा सुरू. आता ऑलवेज ऑन चालू करा, बाकी काही हलवू नका, दोन पूर्ण दिवस वापरा आणि रोजचे टक्के बघा. मग ते बंद करून रात्रीचा ऑक्सिजन चालू, परत दोन दिवस. मग हार्ट रेट दर मिनिटाला. असं करत गेलात की तुमच्या बँडचं दरपत्रकच तयार होतं, हॉटेलच्या भिंतीवर असतं तसं, ऑलवेज ऑन इतके टक्के, ऑक्सिजन इतके टक्के. मग कुठली गोष्ट परवडते ते तुमचं तुम्ही ठरवा. लोक इथं घाई करतात, एकदम चार सेटिंग बंद करतात, बॅटरी वाढते आणि कशामुळं वाढली ते कधीच कळत नाही, मग उपयोगाची गोष्ट पण बंदच राहते.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर ऑलवेज ऑन सगळ्यात आधी बंद करा आणि हार्ट रेट सगळ्यात शेवटी. वेळ तर मनगट फिरवलं की दिसतेच, पण ठोके मोजायचे नसतील तर फिटनेस बँड कशाला घेतला, साधं घड्याळ काय वाईट होतं. आणि झोपताना झोपेचा मोड नाहीतर डू नॉट डिस्टर्ब लावाच, नाहीतर रात्री कुशीवर वळलं की स्क्रीन पेटते. ते बॅटरीपेक्षा बायकोला जास्त त्रासदायक आहे हे अनुभवानं सांगतोय.

पायरी ७ : जीपीएसची वेगळी परीक्षा

ज्यांच्या बँडमध्ये स्वतःचा जीपीएस आहे त्यांनी ही वेगळी करायची, रोजच्या वहीत मिसळायची नाही. एक तास मोकळ्यावर चाला, सुरू करताना आणि थांबवताना टक्के लिहा. एका तासात १२ टक्के गेले तर पूर्ण चार्जवर साधारण आठ तास, इतकं सोपं. जाग्यावर उभं राहून जीपीएसला नीट सिग्नल मिळू द्या आणि मगच चालायला लागा. एकदा गल्लीबोळात आणि एकदा मोकळ्या रस्त्यावर केलं तर रेषा कशी वाकडी येते ते पण दिसेल. नवी पेठेच्या आतल्या गल्ल्यांत माझ्या बँडनं मला दोन दुकानांच्या भिंतीतून आरपार चालवलंय.

गार्मिनच्या सोलर घड्याळांचं एक सांगायला पाहिजे, कारण सोलापुरात हा प्रश्न येतोच, "ऊन एवढं आहे, फुकटात चार्ज होईल की." इन्स्टिंक्ट २ सोलरचा दावा २८ दिवसांचा आणि उन्हात अमर्याद, पण त्याखाली अट आहे, रोज ३ तास ५०,००० लक्सचा उजेड घड्याळावर पडला पाहिजे. म्हंजे खऱ्या उन्हात, उघड्या हातानं, ३ तास. शेतात, साइटवर काम करणाऱ्याला सहज जमेल, पण एप्रिलमध्ये आपण तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टॉवेल गुंडाळून फिरतो, आणि बाकीचा दिवस कूलरसमोर.

पायरी ८ : चार्जिंगचा वेळ आणि उन्हाळा

किती दिवस टिकतो एवढंच बघू नका, भरायला किती वेळ लागतो ते पण वहीत टाका. ५ दिवस टिकणारा पण अंघोळ, नाष्ट्याच्या वेळात ५० टक्के भरणारा बँड, ९ दिवस टिकून अडीच तास चार्जिंगला बसणाऱ्यापेक्षा मला बरा वाटतो. २० टक्क्यांपासून ८० पर्यंत घड्याळ लावून मोजा, शेवटचे २० टक्के सगळ्यांनाच हळू लागतात. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, तर मी पाण्याच्या दिवशी सकाळीच बँड चार्जिंगला लावतो, मोटर चालू आणि बँड पण चालू, विसरायचा प्रश्नच नाही.

चार्जिंगला ५ व्होल्टचा जुना साधा अडॅप्टर पुरतो. पिना घामानं पांढऱ्या पडतात, आठवड्यातून एकदा कोरड्या कापडानं पुसा, कारण चार्ज होत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारीत हे कारण फार वेळा निघतं. आणि उन्हाळ्यात बँड गरम असताना चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीचं साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग करायचं नसतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. उष्णता आणि त्यात १०० टक्के भरलेली बॅटरी, हे दोन्ही एकत्र आलं की बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून मे महिन्यात बँड काढून ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज ठेवून कपाटात ठेवा, खिडकीत नको.

पायरी ९ : सहा महिन्यांनी परत तीच वही

हे कुणी करत नाही आणि इथंच खरी तुलना लपलेली असते. नव्यात ९ दिवस देणारा बँड दीड वर्षानं ६ देतो का ८ देतो, हे खोक्यावर कधीच छापत नाहीत. आता हिशेब बघा, जो बँड रोज चार्ज करावा लागतो त्याची वर्षात साडेतीनशेच्या वर चार्जिंग होतात, आणि जो दहा दिवसांनी एकदा लागतो त्याची छत्तीसच्या आसपास. ॲपल वॉचच्या बॅटरीबद्दल कंपनी सांगते की १००० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्क्यांपर्यंत क्षमता राहील अशी ती बनवलीय, म्हणजे रोजच्या हिशेबानं पावणेतीन वर्षं. दहा दिवसांवाल्या बँडची बॅटरी चार्जिंगच्या संख्येनं नव्हे तर वयानं आणि उन्हानं मरते. बऱ्याच बँडची बॅटरी बदलता येत नाही, आत चिकटवलेली असते, त्यामुळे नवीन घेताना जास्त दिवसवाला घेतला तर तो म्हातारा झाल्यावर पण चार-पाच दिवस काढतो, दीड दिवसवाला म्हातारा झाला की संध्याकाळी ऑफिसमधून यायच्या आत झोपतो.

तपासताना पायरी ३ चा कागद काढा आणि सेटिंग अगदी तेच लावा, नाहीतर अपडेटनं मध्येच काहीतरी चालू केलेलं असतं आणि दोष बॅटरीला जातो. माझ्याकडे एकदा असंच झालं, एका अपडेटनंतर रोजचे ८ वरून १३ टक्के जायला लागले, मी बॅटरी गेली म्हणून नवीन बघायला लागलो होतो, कागद काढला तर रात्रीचा ऑक्सिजन आपोआप चालू झालेला.

कुणी कुठला घ्यायचा

हे प्रत्येकाचं वेगळं, तरी नेहमी विचारतात म्हणून. आईला मी बिनजीपीएसचा, मोठे आकडे दिसणारा साधा बँड दिलाय, तिच्या फोनवर मेसेज कमी, ती सकाळी सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जाऊन येते, तिची पावलं तिला समजली की झालं. तिचा बँड किती दिवस टिकतो हे तिला माहीतच नाही, ती रविवारी चार्ज करते, टक्के कितीही असोत. शिफ्टमध्ये फोन लॉकरला ठेवावा लागतो अशांनी फोनशिवाय दिवसभर बँड कसा वागतो ते वहीत वेगळं लिहावं, कारण काही बँड हरवलेला फोन शोधण्यातच जीव काढतात. पळणाऱ्यांनी खोक्यावरचे दिवस वाचूच नयेत, जीपीएसचे तास वाचावेत. आणि ज्याला रोज रात्री फोनबरोबर घड्याळ चार्जिंगला लावायची सवय आहे त्यानं हा सगळा लेख सोडून जे आवडेल ते घ्यावं.

यंदा कोजागिरीला परत जाणार आहोत. बँड १०० टक्के, ऑलवेज ऑन बंद, ब्राइटनेस सगळ्यात कमी कारण चांदणं असतंय, नोटिफिकेशन फक्त घरच्यांचे. जीपीएस रूपाभवानीपासून फक्त पहिला एक तास चालू ठेवणार, मग बंद, आणि तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्याशी परत चालू. मेव्हण्यानं मात्र यंदा नवीन बँड घेतलाय, जीपीएसवाला. मी त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही.